मासेमारी आणि व्यायामासाठी कयाक घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

माझी पिवळी कयाक गाडीच्या टपावर दिसायला लागल्यापासून लोक थांबवून प्रश्न विचारतात. पेट्रोल पंपावर विचारतात, हिडकल धरणाच्या काठावर विचारतात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या पानावरून विचारलं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. मी कयाक विकत नाही आणि शिकवतही नाही. साठीकडे झुकलेला, कंबर कुरकुरणारा आणि गळ टाकून बसायची हौस असलेला माणूस आहे. पहिली कयाक चुकली, दुसरी जमली. खालचं बरंचसं त्या चुकीतून आलेलं आहे.

ही होडीच काय? आत बसायचं की वर?

वर. जुन्या धाटणीच्या कयाकमध्ये पाय आत घालून बसतात, कंबरेपासून खाली माणूस होडीच्या पोटात. वर बसायची कयाक म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेला पोकळ प्लास्टिकचा तराफा, त्याच्या पाठीवर बसायला आणि पाय ठेवायला खळगे. बसायच्या जागेत आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. लाट आली, पाऊस आला, तर पाणी त्यातून आपोआप खाली जातं. भोकं असून बुडत कशी नाही, हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. ती भोकं पोकळीत उघडत नाहीत, नळीसारखी वरून थेट खाली गेलेली असतात. हवा आत कोंडलेलीच राहते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या टिम निमायर यांनी हा प्रकार रूढ केला. आपल्यासारख्या नवशिक्याला याचा मोठा फायदा असा की पलटी झाली तरी होडीत अडकायचा प्रश्न नाही. माणूस नुसता बाजूला पाण्यात पडतो.

काका, ही पलटत नाही काय?

पलटते की. पण सहजासहजी नाही. कृष्णाकाठच्या जुन्या माणसांनी पुरात गुऱ्हाळाच्या काईलीत बसून नदी ओलांडलेली आहे. काईल का पलटत नाही? रुंद आणि सपाट आहे म्हणून. आणि सरळ का जात नाही? तेही रुंद आणि सपाट आहे म्हणूनच. कयाक निवडणं म्हणजे काईल आणि बाण यांच्यामध्ये कुठं थांबायचं ते ठरवणं.

रुंदी वाढली की बसल्या जागी स्थिर वाटतं, पण वल्हवताना दम लागतो आणि वल्हं कडेला आपटतं. लांबी वाढली की सरळ आणि वेगानं जाते, पण झाडाझुडपांत वळवताना आणि गाडीवर चढवताना रडवते. मासेमारी आणि व्यायाम दोन्ही हवं असेल तर साधारण १० ते १२ फूट लांब आणि २९ ते ३३ इंच रुंद यात बसा. ८-९ फुटी छोट्या तळ्यावर गंमत म्हणून ठीक. तासभर सरळ वल्हवायला घेतली तर नाक डावीकडे-उजवीकडे हलत राहतं. ३६ इंचांच्या पुढची घेतलीत तर उभं राहून गळ टाकता येईल, व्यायामही होईल, पण तो खांद्यांना नको असलेला.

आराम म्हणजे नेमका कशात बघायचा? गादी जाड पाहिजे ना?

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथंच लोक फसतात. मीही फसलो.

बैठकीचे दोन प्रकार. एकात कयाकच्याच खळग्यात गादी आणि पट्ट्यांनी बांधलेली पाठ. दुसऱ्यात अॅल्युमिनियमच्या चौकटीवर जाळीचं कापड ताणलेलं, अंगणातल्या घडीच्या खुर्चीसारखं. पहिल्यात पाय समोर लांब पसरून बसावं लागतं. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतील, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या पिढीच्या त्या असतातच, तर पंधरा मिनिटांत कंबर मागं वाकते आणि अर्ध्या तासात दुखायला लागते. गादी कितीही जाड असली तरी हे टळत नाही. उलट स्पंजाची गादी पाणी पिऊन बसते आणि सकाळभर ओल्या बुडानं काढावी लागते.

चौकटीच्या खुर्चीत ढुंगण टाचांपेक्षा वर येतं, गुडघे थोडे वाकतात, कंबर सरळ राहते. खालून वारा लागतो, कपडे कोरडे राहतात. तोटा एवढाच की वजन वर गेल्यामुळं कयाक जरा जास्त डुलते आणि वाऱ्याला अंग जास्त मिळतं. काही खुर्च्या वर-खाली दोन उंचींवर बसवता येतात. तशी मिळाली तर घ्या. गळ टाकताना वर, वारा सुटला की खाली.

खुर्चीएवढंच महत्त्व पायटेकूला आहे, आणि त्याकडं कोणी बघत नाही. पाय टेकायला घट्ट जागा नसेल तर प्रत्येक वल्ह्याला माणूस खुर्चीतून पुढं घसरतो. काहींत नुसत्या साच्यातल्या पायऱ्या असतात; तुमची उंची दोन पायऱ्यांच्या मधली निघाली की संपलं. सरकणारे पायटेकू हवेत. दुकानात जमिनीवर ठेवलेल्या कयाकमध्ये वीस मिनिटं बसून राहा. दुकानदार चहा मागवील. चहा पिऊन झाल्यावरही उठावंसं वाटलं नाही तर ती खुर्ची तुमची.

एकट्यानं उचलतंय काय?

हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारलात तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे.

माझी पहिली कयाक साडेबारा फूट, ३६ इंच रुंद आणि रिकामी ४१ किलो होती. फोटोत सिंहासन दिसायची. ऑनलाइन मागवली, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर चौघांनी मिळून टेंपोत चढवली, घरी आणून अंगणात ठेवली आणि मग लक्षात आलं की प्रत्येक रविवारी चार माणसं कुठून आणायची? वर्षभरात नऊ वेळा पाण्यात गेली. बाकी वेळ शेजारची मांजर तिच्यात झोपायची.

आपल्याकडे काठापर्यंत सिमेंटचा उतार क्वचितच असतो. हिडकलला पाऊसकाळ संपताना पाणी झाडांच्या बुंध्याशी असतं. तेच पाणी मे महिन्यात इतकं मागं हटतं की गाडी थांबते तिथून भेगाळलेल्या गाळातून दोनशे पावलं चालावं लागतं. नविलुतीर्थला, म्हणजे सौंदत्तीच्या मलप्रभा धरणाला, तीच गत. त्या दोनशे पावलांवर तुमची कयाक तुम्हाला किती सोसते, हे आकड्यांच्या यादीत मिळत नाही.

माझा ठोकताळा: खुर्ची काढून एकट्यानं उचलायची असेल तर २५-२६ किलोच्या आत. जोडीदार कायम असेल तर ३२ पर्यंत चालेल. त्यापुढं चाकांची ढकलगाडी लागतेच. ती घेताना सायकलसारखी बारीक चाकं टाळा, गाळात रुततात. फुगीर, रुंद चाकं घ्या. आता माझ्याकडं साडेदहा फुटी, ३१ इंची, २५ किलोची आहे. दिसायला साधी आहे, पण आठवड्याला पाण्यात जाते.

माझं वजन ९५ किलो आहे. यादीत १५० किलो क्षमता लिहिली आहे. पुरे की?

पुरणार नाही. तो आकडा तरंगायचा आहे, वल्हवायचा नाही. क्षमतेच्या दोन तृतीयांश धरा, म्हणजे १०० किलो. त्यात तुम्ही, पाणी, डबा, गळ, नांगर, आणि देवाची कृपा झाली तर मासे. भार जास्त झाला की कयाक खोल बसते आणि स्कपरमधून पाणी उलटं वर येतं. मग लोक भोकांना बुचं मारतात, आणि वरून आलेलं पाणीही आतच राहतं. तुम्हाला १८० किलोच्या आसपासची बघावी लागेल. तशी कयाक थोडी जड येणार, ते गृहीत धरा.

व्यायाम खरंच होतो की नुसतं बसून ढवळायचं?

होतो, पण हातांनी वल्हवलंत तर होत नाही, नुसते दंड दुखतात. वल्हं पाण्यात पायाजवळ रोवायचं, त्याच बाजूचा पाय पायटेकूवर दाबायचा आणि छाती फिरवायची. हात जवळजवळ सरळच. पाणी मागं ढकलण्यापेक्षा रोवलेल्या वल्ह्याकडं कयाक ओढायची, असं मनात धरा. कंबरेच्या बाजूचे आणि पाठीचे स्नायू काम करतात. जात्यावर दळणाऱ्या बाईचं धड जसं फिरायचं, तसंच काहीसं.

मध्यम वेगानं ७० किलोच्या माणसाचे तासाला ३५० कॅलरीच्या आसपास खर्च होतात. पहिल्या महिन्यात वीस मिनिटं जाणं, वीस मिनिटं येणं, एवढंच ठेवा. आणि जाताना वाऱ्याविरुद्ध जा. उलटं केलंत तर दमलेल्या हातांनी वाऱ्याशी झुंजत परतावं लागतं. कंबरेत चकती सरकलेली असेल, खांद्याचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्याकडं ते उत्तर नाही.

वल्हं कयाकबरोबर फुकट मिळतं. तेच चालेल काय?

सुरुवातीला चालेल. पण हिशेब करा: मिनिटाला पन्नास वेळा वल्हं मारलं तर तासाला ३,००० वेळा ते उचललं जातं. अॅल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं किलोच्या वर भरतं, फायबरचं किलोच्या आत, कार्बनचं त्याहून हलकं. दोनशे ग्रॅमचा फरक तीन हजार वेळा खांद्याला कळतो. कयाकवर खर्च करून पैसे उरले तर नळीदार गळधारक आणि दिव्यांवर न उडवता हलक्या वल्ह्यावर घाला.

लांबी कयाकच्या रुंदीवर आणि खुर्चीच्या उंचीवर ठरते. २९-३० इंच रुंद आणि खाली बसायची असेल तर २३० सेंटीमीटर, ३२-३३ इंच आणि उंच खुर्ची असेल तर २४० किंवा २५०. आखूड वल्ह्यानं बोटं सारखी कडेला आपटतात आणि मांडीवर पाणी गळतं.

पायडलची का नाही? हात मोकळे राहतात की.

राहतात, आणि मासेमारीला ते फार सोयीचं आहे. पण पायडलची यंत्रणा वजन वाढवते, किंमत बरीच वाढवते, उथळ पाण्यात खालचे पंखे गाळाला लागतात, आणि जलपर्णी, गवत, जुनी जाळी त्यात गुंडाळली जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी चालवून बघावी. मी वल्ह्याच्याच बाजूचा आहे. ते बिघडत नाही.

हवा भरायची फ्लॅटवाल्यांना बरी ना? स्कूटरवरसुद्धा जाते.

टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तोच एक मार्ग आहे, मान्य. जाड पीव्हीसीची, सपाट आणि कडक तळाची घ्या. खेळण्यातली स्वस्त घेऊ नका. आपल्या काठांवर अडचण बाभळीची. वेड्या बाभळीचा काटा चप्पल भेदतो तिथं पीव्हीसीचं काय? काठावर जाड ताडपत्री अंथरूनच हवा भरा आणि ठिगळाचं सामान बरोबर ठेवा. दुपारच्या उन्हात फुगवून काठावर सोडून जेवायला बसू नका, आतली हवा तापून शिवणी ताणतात. वाऱ्यावरही ती पानासारखी सरकते.

गळ टाकायला काय काय सोयी हव्यात?

कमी. पाठीमागं दोन गळ उभे राहतील अशी भोकं, समोर हाताशी एक फिरता धारक, खुर्चीमागं डबा बसेल एवढी मोकळी जागा. बास. समोरच्या भागात जेवढ्या वस्तू उभ्या कराल तेवढ्यांत सूत अडकतं.

रोहू, कटला, मृगळसाठी पेंडीचा किंवा कणकेचा गोळा, मरळसाठी कडेच्या गवताजवळ जिवंत आमिष, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. कयाकवरचं वेगळेपण एवढंच: मोठा मासा लागला की तो तुम्हाला ओढत नेतो. नेऊ द्या, तेवढाच तो दमतो. त्याला बाजूला आणताना आपलं डोकं कयाकच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही. हात बाहेर गेला तर चालतो, डोकं गेलं की मागोमाग माणूस जातो. शिंगाळ्याचे काटे लक्षात ठेवा. मांडीवर घेऊन कौतुक करू नका.

नांगर दीड किलोचा पुरतो आणि तो पुढच्या किंवा मागच्या टोकालाच बांधायचा. वाहत्या पाण्यात बाजूला बांधलेला नांगर कयाक आडवी धरून पलटी करतो. उथळ गाळात तर नांगरही नको. एक बांबू रोवा आणि त्याला दोरी अडकवा.

न्यायची कुठं? परवानगी लागते काय?

धरणांचं पाणी पाटबंधारे खात्याच्या निगम मंडळांकडं, मासेमारीचा ठेका मत्स्य खात्यामार्फत दिलेला, असं सर्वसाधारण चित्र असतं. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी विचारायच्या: पाण्यात उतरू का, आणि गळ टाकू का. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांकडं फिरकायचंच नाही. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं हौस नको. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य आहे, तिथंही नाही.

हिडकलचं पाणी प्रशस्त आहे, ५१ टीएमसीचं धरण ते. उन्हाळ्यात पातळी उतरली की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. बघायला सुंदर. पण याचाच अर्थ पाण्याखाली भिंती, खुंट, विहिरींची तोंडं आहेत. पातळी उतरत असताना सावकाश जा.

ठेकेदाराच्या माणसांशी आधी दोन शब्द बोला. त्यांची जाळी प्लास्टिकच्या बाटल्यांवर तरंगत असतात, त्यावरून कयाक नेऊ नये, आणि वल्हं अडकलं तर कापाकापी न करता सोडवावं. कन्नड तोडकं असलं तरी चालतं. ‘ऊटा आतेनरी?’ (जेवण झालं काय?) एवढ्यावर मला आजवर कुणी हाकललं नाही, उलट मासे कुठं आहेत ते सांगितलं.

निपाणीकडच्यांसाठी आणखी एक गंमत. दूधगंगेवर मलिकवाड कर्नाटकात आणि समोरचं दत्तवाड महाराष्ट्रात. गळाला लागलेला मासा कुठल्या राज्याचा, हा वाद आजवर कुणी उकरलेला नाही. तुम्हीही उकरू नका.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेत चालेल ना? पाणी तर संथ दिसतं.

हिवाळ्यात, बंधाऱ्यांच्या मधल्या अडवलेल्या पाण्यात, चालेल. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तेव्हा अजिबात नाही. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बंधारा नुसता काठोकाठ वाहतो तेव्हाही तितकाच वाईट. वरून बघताना पाणी गुळगुळीत दिसतं, पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा भिंतीकडं ओढतं. त्या भोवऱ्यात होडी, ओंडका, माणूस, जे सापडेल ते गोल गोल फिरत राहतं. लाइफ जॅकेट असूनही सुटका अवघड. प्रवाह बंधाऱ्याकडं जात असेल तर त्याच्या वरच्या अंगालाही लांबच राहा.

गणेशगुडीकडं सूपा धरणाखालची काळी नदी राफ्टिंगची आहे. धरणातून पाणी सोडलं की ती रूप बदलते. मासेमारीची रुंद कयाक तिथं नेऊ नका.

मगरी?

कृष्णेत आहेत, दांडेलीकडं काळीत आहेत. हिवाळ्यात सकाळी काठावर ऊन खाताना दिसतात. गावकऱ्यांनी ‘इथं सुसर आहे’ म्हटलं तर वाद न घालता दुसरं पाणी शोधा. फोटोसाठी जवळ जाणं, मासा दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवणं, काठाशी पाय सोडून बसणं, हे तीन प्रकार टाळायचे.

पोहता येत नाही. घेऊ काय?

आधी पोहायला शिका, मग घ्या. पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट अंगात घालून, चेन लावून बसायचं. खुर्चीमागं ठेवलेलं जॅकेट कयाकला वाचवतं, माणसाला नाही. किमान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, आणि पाठीचा फोम वरच्या भागातच असलेलं घ्या, म्हणजे उंच खुर्चीची पाठ टोचत नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधा.

आणि पहिल्याच दिवशी, छातीइतक्या पाण्यात, मुद्दाम पलटी करा. उलटलेल्या कयाकवरून हात टाकून पलीकडची कड धरायची, गुडघा अलीकडच्या कडेला लावून मागं झुकायचं, ती सरळ होते. मग मधोमध दोन्ही कडा धरून पाय मागं जोरात मारायचे, पोट वर आणायचं, कूस बदलून बसायचं, शेवटी पाय आत. मला पहिल्या दिवशी सात प्रयत्न लागले. काठावर म्हशी धुणारी पोरं हसून बेजार झाली. चौथ्या रविवारी पहिल्या फटक्यात जमलं.

कुठल्या महिन्यात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे धुकं असेल तर ते उठेपर्यंत काठावरच थांबा. मार्चनंतर साडेदहाच्या आत बाहेर या, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि हिडकलसारख्या उघड्या पाण्यावर लाटा उठतात. एप्रिल-मेमध्ये वळीव. आभाळ काळं दिसलं, मातीचा वास आला, की गळ गुंडाळा. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा गळ असता, आणि कार्बनच्या गळातून वीज सहज उतरते. पावसाळ्यात नद्यांना पूर असताना कयाक घरीच.

घरी ठेवायची कशी, गाडीवर न्यायची कशी?

सावलीत. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं. कडेवर उभी किंवा पालथी ठेवा, हँडलला टांगू नका, मधून वाकते. टपावर पट्ट्यांनी बांधा, शिवाय पुढचं आणि मागचं टोक दोरीनं बंपरकडं. पट्टा आवळून आवळून बांधला की उन्हात तिथं पोचा पडतो. पडलाच तर घाबरू नका. उन्हात ठेवून वर गरम पाणी ओता, आतून दाबा, बहुतेक वेळा सरळ होतो. मागं लाल फडकं बांधायला विसरू नका.

न चालवता घ्यायची काय?

नको. गोव्यात पाळोळ्याला भाड्यानं मिळते, गणेशगुडीलाही. दोन वेगळ्या रुंदीच्या, प्रत्येकी तासभर चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय दुखतंय ते बघा. मुठी आणि दंड दुखत असतील तर ते तुमच्या पद्धतीचं. कंबर आणि बूड दुखत असेल तर ते खुर्चीचं.

खंडेनवमीला पूजा करायची काय?

आमच्या घरात होते. गाडी, मोटार, विळी, मुलीचा लॅपटॉप आणि आता कयाक, एका ओळीत. झेंडूची माळ हँडलला घाला, हळद-कुंकू लावा, पण त्याच संध्याकाळी धुवा. पिवळ्या प्लास्टिकवरचा कुंकवाचा डाग दोन वर्षं झाली, अजून आहे. नारळ मात्र शेजारच्या दगडावर फोडा.